ग्रीनलंड, गोवा आणि आमची ‘बी’ विंग

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका रात्री दोन विषय एकमेकांत मिसळले. पहिला ग्रीनलंडचा. अमेरिकेला ते बेट हवंय, डेन्मार्क देत नाही, वगैरे. दुसरा आमच्या घरचाच: ‘बी’ विंगला वेगळी सोसायटी करायची आहे. कारण जुनंच. त्यांची लिफ्ट नवी, आमची गच्ची गळकी, आणि मेंटेनन्स सगळ्यांना सारखा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ग्रीनलंडबद्दल लिहिलं, ‘अहो, पण तिथल्या लोकांना कुणी विचारलं का?’ खाली लगेच ‘बी’ विंगमधून उत्तर आलं, ‘आम्हाला तरी कुणी विचारलं होतं?’

मग रात्री साडेअकरापर्यंत जे चाललं, ते इथे सांगण्यासारखं नाही. पण दोन्ही वाद मुळात एकच आहेत, एवढं त्या गोंधळात माझ्या लक्षात आलं. त्या वादाला एक जडसा शब्द आहे: स्वयंनिर्णय. कुणी आत्मनिर्णयही म्हणतं. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न, त्याचा निर्णय त्यानेच घ्यायचा, इतका साधा त्याचा अर्थ. अडचण ‘त्यानेच’ या शब्दात आहे. हा ‘तो’ एकटा माणूस असतो तेव्हा वाट जरा सरळ असते. ‘तो’ म्हणजे अख्खा समाज, प्रांत किंवा बेट असलं, की वाकडी होते.

ग्रीनलंड म्हणजे आपला एक प्रभाग

ग्रीनलंडचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सातपट आहे. माणसं मात्र ५६-५७ हजार. मुंबई महापालिकेचे प्रभाग २२७ आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांच्या वर. म्हणजे एका प्रभागात सरासरी ५५ हजार माणसं. आपला एक नगरसेवक जेवढ्या लोकांचा, जवळपास तेवढेच लोक त्या प्रचंड बर्फाळ बेटाचे मालक. की राखणदार? की नुसते रहिवासी? तिथूनच वाद सुरू होतो.

कागदावर उत्तर आहे. डेन्मार्कने २००९ मध्ये ग्रीनलंडला स्वशासन देणारा कायदा केला. ग्रीनलंडचे लोक हा आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अर्थाने एक स्वतंत्र लोकसमूह आहे आणि त्याला स्वयंनिर्णयाचा हक्क आहे, असं त्याच्या प्रास्ताविकातच लिहिलंय. स्वतंत्र व्हायचं की नाही हे ग्रीनलंडच्या लोकांनी ठरवायचं. त्यांनी ठरवलं तर डेन्मार्कशी बोलणी, करार, तिथे सार्वमत आणि शेवटी डॅनिश संसदेची संमती. परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण अजून डेन्मार्ककडे आहे. कोपनहेगनने विकायचं आणि वॉशिंग्टनने घ्यायचं, असा व्यवहार या कायद्यात बसतच नाही. भाडेकरू आत राहत असताना मालकाने इमारत विकली, असं गिरगावात होतं. पण इथे भाडेकरूच मालक आहे, असं मालकाने लिहून दिलेलं आहे.

वर ‘लोकसमूह’ असा शब्द आला. ज्यांना आपण ‘एक’ आहोत असं वाटतं आणि ज्यांचा एखाद्या भूमीशी, भाषेशी किंवा इतिहासाशी सामायिक संबंध आहे, अशी माणसं. याहून नेमकी व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या करारांतही सापडत नाही. ती मुद्दामच केलेली नाही, असा माझा संशय आहे.

आधी एकट्या माणसाचं पाहू

माझ्या मावशीच्या पायाचं ऑपरेशन होतं. डॉक्टर आले, सगळा धोका-फायदा मावसभावाला समजावून सांगितला आणि सहीचा कागद त्याच्याच हातात दिला. मावशी दोन हातांच्या अंतरावर, खाटेवर, चष्मा लावून पेपर वाचत होती. पूर्ण शुद्धीत. तिने पेपर खाली केला आणि म्हणाली, ‘पाय माझा आहे ना रे?’

ज्या प्रौढ माणसाला समोरची गोष्ट समजते, ज्याला पुरेशी माहिती दिली आहे आणि ज्याच्यावर दबाव नाही, त्याच्या शरीराचा आणि आयुष्याचा निर्णय त्याचा. मुलगा, नवरा, डॉक्टर सल्ला देऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका खटल्यात हे अगदी स्पष्ट केलं. रुग्ण बाई तपासणीच्या शस्त्रक्रियेसाठी भुलीखाली असताना, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं गेलं होतं. ती संमती न्यायालयाने मानली नाही. जिवावर बेतलं नसताना, शुद्धीवर आल्यावर तिलाच विचारता आलं असतं.

हाच धागा पुढे इतर निकालांत दिसतो. आपली लिंगओळख आपण सांगायची, हे २०१४ चं. मार्च २०१८ मध्ये दोन निकाल आले. एकात, सज्ञान माणसाने कुणाशी लग्न करायचं त्यात घर, जात, खाप पंचायत यांनी पडायचं नाही, असं ठरलं. दुसऱ्यात, बरं होण्याची आशा उरली नाही तर कृत्रिम उपायांनी जगवू नका असं आधीच लिहून ठेवायला मान्यता मिळाली. शेवटच्या कागदाला वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होतं. आपल्याकडे घराच्या इच्छापत्रासाठी वकील गाठणारी माणसं याबद्दल बोलायलाही तयार नसतात, ती गोष्ट वेगळी.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने तर १९८३ मध्येच, जनगणनेच्या वादात, स्वतःच्या माहितीबद्दलचा स्वयंनिर्णय हा हक्क मान्य केला: माझ्याबद्दलची माहिती कोण, कशासाठी वापरणार हे मी ठरवणार. गेटवरच्या रजिस्टरात मोबाइल नंबर लिहिताना मला त्या न्यायालयाची आठवण येते आणि मी मुकाट्याने नंबर लिहितो.

इथे पहिला आक्षेप येतो: म्हणजे मनाला येईल ते करायचं? नाही. फ्लॅट माझा म्हणून मी स्वयंपाकघराच्या लाद्या बदलेन, देवघर हलवेन. पिलर तोडायला गेलो तर खालचे सात मजले माझ्या निर्णयात सामील होतात. जिथे माझ्या निर्णयाचं वजन दुसऱ्याच्या डोक्यावर पडतं, तिथे निर्णय माझ्या एकट्याचा राहत नाही. पिलर कुठला आणि लादी कुठली यावर भांडणं होतात हे खरं, पण पिलर नावाची गोष्ट असते याबद्दल दुमत नसतं.

टिळकांचा अर्ज

व्यक्तीचा हा विचार समूहाला लावायचा, ही कल्पना मोठ्या आवाजात मांडली गेली पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. लेनिनने युद्धाआधीपासून राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयावर लिहिलं होतं. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी जानेवारी १९१८ मध्ये युद्धानंतरच्या शांततेसाठीची आपली १४ कलमं मांडली. सगळे समजतात की हा शब्द त्या कलमांत आहे. तो तिथे नाही, पुढच्या महिन्यातल्या भाषणात आहे. विल्सन यांचेच परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांनी या शब्दात सुरुंगाची दारू भरलेली आहे, अशी धास्ती आपल्या डायरीत नोंदवली.

विल्सन यांच्या डोळ्यांसमोर होता युरोप. शब्द मात्र ऐकू गेला सगळ्या जगाला. डिसेंबर १९१८ मध्ये दिल्लीच्या अधिवेशनात काँग्रेसने भारतासाठी स्वयंनिर्णय मागितला. लोकमान्य टिळक तेव्हा ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्ये होते. तिथून त्यांनी पॅरिसच्या शांतता परिषदेच्या अध्यक्षांना, क्लेमांसो यांना, पत्र पाठवून भारताची बाजू मांडली. परिषदेत भारताच्या नावाने खुर्च्या होत्या, पण त्यांवर बसले होते भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराजा आणि लॉर्ड सिन्हा. सोसायटीच्या सभेत बिल्डरने आपल्याच माणसांना ‘रहिवाशांचे प्रतिनिधी’ म्हणून बसवावं, त्यातला प्रकार.

पुढची चाळीस वर्षं हा शब्द दार ठोठावत राहिला. १४ डिसेंबर १९६० ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतींना स्वातंत्र्य देण्याचा जाहीरनामा ८९ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. नऊ देश तटस्थ राहिले. त्यात ब्रिटन, फ्रान्स होते आणि पोर्तुगालही होता, ज्याच्या ताब्यात तेव्हा गोवा होता. १९६६ मध्ये मानवी हक्कांचे दोन मोठे करार झाले. दोन्हींचं पहिलंच कलम शब्दशः सारखं आहे: सर्व लोकसमूहांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे, आपलं राजकीय स्थान काय असावं हे ते मुक्तपणे ठरवतात.

‘सर्व लोकसमूहांना’. झालं, परत आपण ‘बी’ विंगच्या जिन्यात.

यादीत नाव कुणाचं?

आमच्या ‘बी’ विंगचं म्हणणं, आमचा प्रश्न आहे, मतदान फक्त ‘बी’ विंगचं घ्या. ‘ए’ विंगचं म्हणणं, पाण्याची टाकी, पंप, कंपाउंड आणि सिंकिंग फंड सगळ्यांचा आहे, मत सगळ्यांचं घ्या. पहिल्या पद्धतीने मोजलं तर प्रस्ताव हमखास पास. दुसऱ्या पद्धतीने हमखास नापास. म्हणजे कुणीही हात वर करण्याआधीच, यादी कुणाची या प्रश्नात निकाल लागून गेलेला असतो.

जगात हे अक्षरशः घडलंय. पश्चिम सहारा ही आफ्रिकेतली जुनी स्पॅनिश वसाहत. स्पेन निघाला, मोरोक्कोने तिच्यावर हक्क सांगितला, तिथल्या पोलिसारिओ संघटनेने स्वातंत्र्यासाठी शस्त्र उचललं. १९९१ मध्ये युद्धविराम झाला आणि संयुक्त राष्ट्रांनी सार्वमत घेण्यासाठी खास पथक पाठवलं. स्पेनच्या १९७४ च्या जनगणनेत तिथे ७४ हजारांच्या आसपास माणसं मोजली होती. तीच यादी धरायची, की नंतर आलेल्यांना, बाहेर असलेल्यांना, त्या त्या टोळीतल्या सगळ्यांना घ्यायचं? या मतदार यादीवर वर्षानुवर्षं घासाघीस झाली आणि ते सार्वमत आजवर झालेलं नाही.

उलट टोकाचं उदाहरण स्कॉटलंडचं. १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात नियम साधा होता: स्कॉटलंडमध्ये जो राहतो तो मतदार. १६ वर्षांची मुलं मतदार होती, तिथे स्थायिक झालेला पोलंडचा नळदुरुस्तीवाला मतदार होता, पण लंडनमध्ये नोकरी करणारा अस्सल स्कॉटिश माणूस नव्हता. रक्त नाही, पत्ता पाहिला. ५५ टक्क्यांनी ‘ब्रिटनमध्येच राहू’ म्हटलं.

आणि आपल्या शेजारचं गोवा. १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले. मग प्रश्न आला की गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा. १६ जानेवारी १९६७ ला तिथे जनमत कौल झाला. विलीनीकरणाला फूल ही निशाणी, केंद्रशासित राहण्याला दोन पानं. दोन पानांना १ लाख ७२ हजार १९१ मतं पडली, फुलाला १ लाख ३८ हजार १७०. मुंबईत त्या काळी गोवेकर मोठ्या संख्येने होते. धोबी तलावाच्या आसपास त्यांचे ‘कुड’ होते, जहाजावर जाणारे खलाशी तिथे उतरायचे. मुंबईतल्या आणि बाहेरच्या या गोवेकरांनाही मत द्यावं, अशी विलीनीकरणविरोधकांची मागणी होती. ती मानली गेली नाही. तरी दोन पानंच जिंकली.

मराठी माणसाच्या मनाला हा निकाल तेव्हा लागला. आजही काही घरांत ‘कोकणी म्हणजे मराठीच’ हा विषय निघाला की जेवण लांबतं. पण मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. विलीनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते भाऊसाहेब बांदोडकर कौल हरले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच झालेली विधानसभा निवडणूक जिंकून पुन्हा मुख्यमंत्री झाले. गोवेकरांनी माणूस ठेवला, त्याचा प्रस्ताव नाकारला. आपल्याला काय हवंय ते लोकांना कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत.

एक बारकावा मात्र राहतो. त्या मतपत्रिकेवर ‘स्वतंत्र देश’ हा पर्याय नव्हता, आणि त्या दिवशी ‘वेगळं राज्य’ हाही नव्हता; राज्य व्हायला १९८७ उजाडलं. यादी कोण करतो याइतकंच, प्रश्न कोण लिहितो हेही महत्त्वाचं. इंडोनेशियाने १९६९ मध्ये पश्चिम पापुआत ‘मुक्त निवड’ घेतली. वेचून आणलेल्या हजारएक माणसांना सभेत बसवलं आणि सगळ्यांनी एकमुखाने इंडोनेशियाच्या बाजूने कौल दिला. एवढं एकमत आमच्या सोसायटीत गणपतीच्या वर्गणीवरही होत नाही.

मुंबई कुणाची, हे कुणी ठरवलं?

हुतात्मा चौकात उभं राहून हा विषय टाळता येत नाही. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि मुंबईचं काय करायचं यावर आग लागली. मुंबई महाराष्ट्राला देऊ नये म्हणणाऱ्यांचा एक मुख्य मुद्दा असा की, शहरात मराठी बोलणारे निम्म्याहून कमी आहेत, भांडवल इतरांचं आहे, शहर सगळ्या देशाचं आहे. संयुक्त महाराष्ट्रवाल्यांचं उत्तर: शहर हवेत तरंगत नाही. चारी बाजूंनी मराठी मुलुख आहे, पाणी तिथून येतं, गिरणीत उभा राहणारा माणूस कोकणातून आणि घाटावरून येतो.

नीट पाहिलं तर हा ‘बी’ विंगचाच वाद आहे. मतदारसंघ म्हणजे शहराची हद्द, की ते शहर ज्या प्रदेशात रुजलंय तो सगळा प्रदेश? दोन्हींची उत्तरं वेगळी येणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं, म्हणून तर भांडण. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये भाषावार प्रांतरचनेचा विचार करणाऱ्या दार आयोगाला दिलेल्या निवेदनात मुंबई वेगळी काढण्याचे युक्तिवाद एकेक करून खोडले. १९५५ मध्ये मात्र त्यांनी मराठी प्रदेशाची चार राज्यं करून मुंबईचं मराठी भाषकांचंच एक नगरराज्य करावं, असं सुचवलं. दोन्ही वेळी त्यांचा प्रश्न भावनेचा नव्हता. १९५५ मध्ये तो होता, मोठ्या राज्यात अल्पसंख्याकांचं आणि दलितांचं काय होईल, हा.

मुंबईत सार्वमत झालं नाही. गोळीबार झाले, शंभराहून अधिक माणसं गेली, १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला घाम फोडला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. लोकांनी ठरवलं हे खरं. पण कायद्याने त्यांना ठरवण्याचा हक्क होता का? नव्हता. घटनेच्या कलम ३ प्रमाणे राज्यांच्या सीमा ठरवते संसद. संबंधित विधानसभेचं मत मागवावं लागतं, ते मानावं लागत नाही. १९५६ मध्ये तर विधेयक गेलं होतं महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई अशा तीन तुकड्यांचं. संसदेत ते बदलून एकच द्विभाषिक राज्य झालं. बदललेला प्रस्ताव पुन्हा विधानसभेला दाखवायला हवा होता, म्हणून कुणी न्यायालयात गेलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, गरज नाही.

मग उद्या प्रत्येक गल्ली देश मागेल!

हा सगळ्यात जुना आक्षेप आणि तो फुसका नाही. संयुक्त राष्ट्रं ५१ देशांनी सुरू झाली, आज १९३ आहेत. थांबायचं कुठे?

कायद्याने यावर काढलेली वाट म्हणजे स्वयंनिर्णयाचे दोन मजले. आतला स्वयंनिर्णय म्हणजे आहे त्या देशात राहून आपला कारभार, भाषा, प्रतिनिधी, जमीन यांवर आपला शब्द चालणं. बाहेरचा म्हणजे वेगळा देश करणं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये क्वेबेक प्रांताबद्दल हे फार स्वच्छ मांडलं. त्याच्या तीन वर्षं आधी फ्रेंच भाषक क्वेबेकच्या सार्वमतात स्वातंत्र्याचा प्रस्ताव हरला होता, तोही ५०.५८ विरुद्ध ४९.४२ टक्क्यांनी. न्यायालय म्हणालं: बाहेर पडण्याचा हक्क वसाहतींना आहे, परकीय ताब्यातल्या लोकांना आहे, आणि कदाचित ज्यांना देशाच्या कारभारात जागाच दिली जात नाही त्यांना असू शकेल. क्वेबेक यांपैकी काही नाही. पण (हा ‘पण’ मला मोलाचा वाटतो) स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमताने ‘हो’ आलं, तर उरलेल्या कॅनडाला कानावर हात ठेवता येणार नाही. बोलणी करावीच लागतील.

म्हणजे ‘बी’ विंगने रातोरात गेटवर वेगळी पाटी लावणं चूक, आणि ‘ए’ विंगने विषय सभेच्या अजेंड्यावरच न घेणं हेही चूक. आमच्याकडे निदान उपनिबंधकांचं कार्यालय आहे. सोसायटी दुभंगायची तर शेवटी तिथे जावं लागतं. देशांच्या जगात असं कार्यालयच नाही. कोसोवोने २००८ मध्ये सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१० मध्ये सल्ला दिला की ती घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करत नाही. पण कोसोवो देश आहे की नाही, यावर न्यायालय काही बोललं नाही. शंभरच्या आसपास देश त्याला मानतात, भारत मानत नाही आणि संयुक्त राष्ट्रांत त्याला खुर्ची नाही. कॅटलोनियाने २०१७ मध्ये स्पेनच्या घटना न्यायालयाला न जुमानता सार्वमत घेतलं आणि त्याला कुणीच मानलं नाही.

‘वेगळे झाले आणि काय उजेड पाडला?’ असंही विचारलं जातं. दक्षिण सुदानने २०११ मध्ये जवळपास ९९ टक्के मतांनी स्वातंत्र्य घेतलं आणि २०१३ च्या डिसेंबरात तिथे यादवी सुरू झाली. हे खरंच दुःखद आहे. तरी हा आक्षेप मी जपून वापरेन. ‘तुम्हाला राज्य करता येणार नाही’ हे वाक्य याआधी कुणाला ऐकवलं गेलं होतं, ते आपल्या आजोबांना विचारा.

भारताची छोटी टीप

१९६६ च्या त्या करारांत भारत १९७९ मध्ये सामील झाला, पण पहिल्या कलमाखाली स्वतःची टीप जोडून: हा हक्क फक्त परकीय सत्तेखालच्या लोकसमूहांना, स्वतंत्र सार्वभौम देशांना किंवा त्यातल्या एखाद्या भागाला तो लागू नाही. फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्सने त्यावर हरकत नोंदवली.

टीप का, हे उघड आहे. काश्मीर आणि नागा प्रदेश. ज्या देशाने फाळणी भोगली त्याला ही भीती वाटणं मी समजू शकतो. पण १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या बंगाल्यांच्या बाजूने आपण उभे राहिलो, तेव्हा ते काही परकीय वसाहतीतले नव्हते, एका सार्वभौम देशाचाच भाग होते. आपली भूमिका वाईट होती असं नाही. टीपेच्या चौकटीत ती बसत नाही, एवढंच. बहुतेक देशांचं असंच असतं. दुसऱ्याच्या विंगचा प्रश्न आपल्याला नेहमी जास्त न्याय्य वाटतो.

गटाला हक्क दिला, आतल्या माणसाचं काय?

इथे वरचे दोन्ही धागे एकमेकांत गुंततात. समाजाने आपले निर्णय आपण घ्यायचे, ठीक. पण समाजाने ठरवलं की अमक्याच्या घरी कुणी पाणी प्यायचं नाही, तर?

मुंबई राज्याने १९४९ मध्ये वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला. समाजातून कुणाला काढायचं हा त्या पंथाचा धार्मिक कारभार, म्हणून. या निकालाचा फेरविचार २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. मधल्या काळात महाराष्ट्राने जातपंचायतींच्या छळामुळे २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आणला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य.

माझं मत विचाराल तर, ज्या गटातून बाहेर पडायचं दार उघडं नाही, त्याच्या ‘स्वयंनिर्णया’तला ‘स्वयं’ म्हणजे दोन-चार पुढारीच असतात. गटाला बाहेरच्यांपासून संरक्षण हवं, हे मान्य. ते आतल्यांवर दंडुका म्हणून वापरायचं नसतं.

विचारणं वेगळं, ठरवू देणं वेगळं

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा बहुतेकांनी ऐकली असेल: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. यात भारतातून फुटण्याचा लवलेश नाही. आतल्या स्वयंनिर्णयाची इतकी छोटी व्याख्या मी दुसरी वाचलेली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाचा जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक.

ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण करायची होती. डोंगरिया कोंध आदिवासींचा देव त्या डोंगरावर राहतो. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा भरल्या, बाराही ठिकाणी ‘नाही’ आलं आणि पुढच्या वर्षी पर्यावरण मंत्रालयाने खाणीला नकार दिला. विचारलं गेलं आणि ते मानलंही गेलं, म्हणून हे उदाहरण. नाहीतर ‘जनसुनावणी’ म्हणजे काय असते हे आपण जाणतो: मंडप, पाण्याच्या बाटल्या, आधीच छापलेला अहवाल.

मुंबईतही कोळीवाड्याच्या सीमांकनाचा, आरेतल्या पाड्यांचा, चाळीच्या पुनर्विकासाचा विषय निघतो तेव्हा मी एवढंच पाहतो: लोकांनी ‘नाही’ म्हटलं तर काही अडणार आहे का? अडणार नसेल, तर ती फक्त विचारपूस.

आमची विशेष सर्वसाधारण सभा गेल्या रविवारी झाली. कोरम नव्हता म्हणून अर्धा तास तहकूब, मग सुरू. दोन तास टाकी आणि पंपावर गेले. मध्येच मागून एक बाई उठल्या. ‘बी’ विंगमध्ये अकरा वर्षं भाड्याने राहतात. म्हणाल्या, ‘वेगळी सोसायटी झाली तर आमचं पार्किंग कुठे जाणार?’ सेक्रेटरी म्हणाले, ‘ताई, ही सभासदांची सभा आहे.’ त्यांच्या फ्लॅटचे मालक दुबईत असतात. त्यांचं संमतिपत्र सकाळीच ई-मेलने आलं होतं.